अर्ध्या टनाची बढती

निवृत्त मराठी माणूस मुलाकडे अमेरिकेला गेला, की त्याला नायगारा दाखवावा, मॉलमधल्या बाकावर बसवून ठेवावे आणि रविवारी देवळात प्रसादाच्या रांगेत उभे करावे, अशी एक सर्वमान्य रूढी आहे. आमच्या चिरंजीवांनी ती मोडली. डेट्रॉइटच्या उपनगरातल्या त्यांच्या घरी पोहोचल्यावर बॅगेतली लोणच्याची बरणी बाहेर निघण्याच्या आतच माझ्या हाती विजेरी देण्यात आली आणि एका निळ्या पिकअपखाली आडवे होण्याची मला सविनय विनंती करण्यात आली. जन्मदाता एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालेला असताना ताशी डॉलर मोजून मेकॅनिक कोण लावील, हा त्यांचा हिशेब आर्थिकदृष्ट्या बिनचूक होता.

तो पिकअप म्हणजे 1972 सालचा शेव्हरोले सी-10. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात आणि तेच मीठ जुन्या गाड्यांचे पत्रे खाऊन टाकते; म्हणून जाणकार मंडळी असला ऐवज अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या राज्यातून आणवतात. चिरंजीवांनीही तसाच आणवला होता, आणि गाडी देखणी होती, हे मला मान्यच करावे लागेल. माझी तक्रार पुढच्या बेताविषयी होती. त्यांच्याकडे 1969 सालची एक कॅमेरो, म्हणजे शेव्हरोलेचीच स्पोर्ट्स मोटार, आहे आणि तिने मोटारींच्या प्रदर्शनांना स्वतःच्या चाकांवर न जाता दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसून जावे, अशी त्यांची इच्छा होती. 1960 आणि 1970 च्या दशकांत तिकडचे ड्रॅग शर्यतवाले, म्हणजे सरळ छोट्या पट्ट्यावर मोटारी पळवणारे, आपापल्या मोटारी अशाच एक टनी ट्रकच्या पाठीवर चढवून गावोगाव नेत असत. त्या ट्रकना रॅम्प ट्रक म्हणतात. “मग साधा ट्रेलर घेऊन मागे का जोडत नाहीस?” असे मी विचारले, तेव्हा “बाबा, ट्रेलर काय, कुणीही ओढतो,” असे उत्तर आले. त्या उत्तरासरशी सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या, त्यावरून हा प्रश्न त्या घरात प्रथमच विचारला गेला नसावा, असे माझ्या ध्यानात आले.

तिकडच्या परिभाषेत सी-10 हा अर्ध्या टनाचा पिकअप, सी-20 पाऊण टनाचा आणि सी-30 एक टनाचा. ही नावे आता नावापुरतीच उरली आहेत हे खरे असले, तरी कॅमेरोचे दीड टन वजन नावापुरते नव्हते आणि तिच्याखालच्या लोखंडी रॅम्पचे वजन त्याखेरीज होते. हे गणित दापोडीत कुणी मांडले असते, तर त्याला आधी चहा पाजून मग घरी पाठवले असते. त्यातही गंमत अशी, की हौद्यासकट आणि मागच्या जोडचाकांसकट (दोन्ही बाजूंना दोन-दोन चाके) तयार असलेला एक टनी पिकअप जनरल मोटर्सने ‘बिग डूली’ या नावाने 1973 सालच्या मॉडेलांपासून विकायला काढला. म्हणजे आमची गाडी अवघ्या एका वर्षाने लवकर जन्मली होती आणि त्या एका वर्षाची भरपाई करून देण्याचे काम अर्ध्या शतकानंतर माझ्याकडे आले होते.

आरंभ मागच्या अ‍ॅक्सलपासून झाला. भंगारातल्या एका एक टनी ट्रकखालून चिरंजीवांनी जनरल मोटर्सचाच, झाकणाला चौदा बोल्ट आणि पोटात साडेदहा इंची क्राऊन, म्हणजे मोठे दातेरी चक्र, असलेला अ‍ॅक्सल पैदा केला होता. जुन्या, हलक्या अ‍ॅक्सलमध्ये आतल्या शाफ्टला दोन कामे करावी लागतात: चाक फिरवायचे आणि वर गाडीचे वजनही पेलायचे. हा नवा फुल फ्लोटिंग प्रकारचा होता; अशा अ‍ॅक्सलमध्ये वजन पेलण्याचे काम हाऊसिंगच्या (बाहेरच्या लोखंडी कवचाच्या) टोकावर बसलेल्या हबच्या (चाक बसते त्या तुंब्याच्या) बेअरिंगांकडे जाते आणि शाफ्टने केवळ फिरवायचे असते. त्यामुळे शाफ्ट संपूर्ण बाहेर ओढून काढला तरी गाडी आपल्या चाकांवर उभीच राहते. हे सर्व चिरंजीव मला मोठ्या उत्साहाने समजावून देत होते. एसटीच्या गाड्यांखाली हीच व्यवस्था असते आणि ती उघडण्यात आणि मिटण्यात माझे केस पांढरे झाले आहेत. परंतु बापाला काही शिकवण्याची संधी मुलाला क्वचितच मिळते, म्हणून मी काही न बोलता मान हलवत राहिलो. पिकअपखाली उताणे पडून मान हलवणे हे वाटते तितके सोपे काम नाही.

नवा अ‍ॅक्सल आला, तेव्हा तो जुन्या जागी बसेना, कारण सी-10 च्या मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) नसून गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. अशा स्प्रिंगांवर रिकामी गाडी झकास चालते. दोन टनांखाली मात्र तिची शेपटी रस्त्याला टेकेल, असे मी म्हणालो, आणि त्या घरात माझे एवढे एकच मत एकमुखाने मान्य झाले. स्प्रिंगा उतरल्या, चेसिसवर पाटे टांगायचे शॅकल बसले, पाट्यांचे जाड गठ्ठे आले. शेजारचे गृहस्थ मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले होते; ते रोज कॉफीचा पेला घेऊन पाहायला येत आणि परीक्षकाच्या मुद्रेने उभे राहत. एक गंजलेला बोल्ट काही केल्या सुटेना, तेव्हा त्यांनी आणि मी एकाच क्षणी गॅस कटरकडे बोट दाखवले. तेव्हापासून त्यांचा पेला खाली ठेवलेला असे आणि हातात पाना.

मग टायर आले. 235/85 आर 16 या मापाच्या भारी टायरमध्ये 80 पौंड हवा भरली, की तो एकटा असताना 1380 किलो वजन उचलतो, आणि जोडीने बसवला की त्याची मर्यादा 1260 किलोवर येते. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या भावाभावांना पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटायला नको. कारण मात्र शास्त्रीय आहे: दोन शेजारी टायर कधीच तंतोतंत सारखे नसतात, एकात हवा थोडी कमी झाली की दुसऱ्यावर जादा भार येतो, आणि म्हणून कंपनी आधीच थोडे हातचे राखून सांगते. तरीही चार टायरांचे मिळून पाच हजार किलो होतात, हे चिरंजीवांनी आनंदाने जाहीर केले. आतल्या टायरमध्ये हवा भरायची तर वाल्व्हला लांब नळी लावावी लागते आणि दोन टायरांमध्ये दगड अडकला तर तो काढावा लागतो, हे जाहीर करण्याचे काम माझ्याकडे आले.

येथवर चिरंजीवांचे म्हणणे असे होते, की काम केवळ मागच्या बाजूचे आहे. परंतु वाहनाचा एक भाग बळकट केला की त्याच्या शेजारचा भाग दुबळा ठरतो, आणि ही दुबळेपणाची साथ अखेर पुढच्या बंपरपर्यंत पोहोचते. मागच्या हबला आठ बोल्ट, पुढच्याला पाच. म्हणजे जादा चाक एकच बाळगायचे तर पुढचे हबही बदलणे आले. हब बदलले म्हणून पुढचे डिस्क ब्रेक बदलले. जोडचाकाची मधली तबकडी खोल असते, त्यामुळे तेच चाक पुढे बसवण्यासाठी हबला जोडतुकडा लागला. मागचे ड्रम मोठे झाले, तेव्हा ब्रेकना तेलाचा दाब पुरवणारा मास्टर सिलिंडर अपुरा पडला. त्याच्या मदतीला ब्रेकचा जोर वाढवणारा जो नवा बूस्टर आणला तो पॉवर स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबावर चालणारा निघाला, आणि म्हणून धडधाकट स्टिअरिंग उतरवून दुसरे चढवावे लागले. रॅम्प मावावा म्हणून चेसिस लांबवली. ती लांबली म्हणून इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट तोकडा पडला. तो दोन तुकड्यांत करून मध्ये सेंटर बेअरिंग टांगले. सूनबाई दर संध्याकाळी “आज काय बदललं?” असे विचारीत. काही दिवसांनी त्या “आज काय राहिलं?” असे विचारू लागल्या.

तिकडेही सोसायटी असते, हे मला ठाऊक नव्हते. फाटक नाही, वॉचमन नाही, जिन्यात चपला नाहीत, तरीही सोसायटी आहे आणि तिचे सेक्रेटरी पत्रे पाठवतात. मागे जोडचाके असलेले वाहन आवारात दिसेल असे उभे करण्यास मनाई असल्याचे त्या पत्रात म्हटले होते. जोडचाके केवळ एका बाजूला बसवून झाली आहेत, तेव्हा हे वाहन अद्याप नियमाच्या व्याख्येत पूर्णपणे बसत नाही, असा खुलासा चिरंजीवांनी केला. मला तो पटला. सोसायटीला पटला नाही. अखेर गावाबाहेर एका शेतकऱ्याची पडवी भाड्याने घ्यावी लागली, आणि तिच्या भाड्यात किती वर्षे ट्रेलर भाड्याने मिळाला असता, याचा हिशेब मी मनातच केला.

विमावाल्याची भेट त्याहून अवघड गेली. दाराच्या चौकटीवर कारखान्याने ठोकलेल्या पाटीवर गाडीचे भारासह कमाल वजन लिहिलेले असते आणि खाली कितीही दणकट अ‍ॅक्सल बसवला तरी त्या पाटीवरचा आकडा वाढत नाही. एसटीत आम्हाला बढतीची ऑर्डर मिळायची आणि काम तेच राहायचे. या पिकअपचे काम चौपट झाले होते आणि ऑर्डर मात्र 1972 चीच होती. उलट जी गोष्ट कुणी मागितली नव्हती, ती सरकारने दिली. तिथल्या नियमाप्रमाणे 80 इंच वा त्याहून रुंद ट्रकला माथ्यावर मधोमध तीन आणि कडांना एकेक दिवा लावावा लागतो. मागच्या फुगीर मडगार्डांमुळे आमची गाडी त्या मापात गेली, आणि टपावर पाच पिवळे दिवे आले. ते प्रथम लागले त्या रात्री चिरंजीव अंगणातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून अंगणापर्यंत उगाचच जाऊन येत होते.

कॅमेरो चढवण्याच्या दिवशी वाद झाला तो ती कुठे थांबवायची यावरून. वजनाचा मोठा वाटा मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढेच पडला पाहिजे. तो मागे गेला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग माणसाचे ऐकेनासे होते. चिरंजीवांना ती दिसायला मधोमध हवी होती, मला ती पुढे हवी होती. शेजाऱ्यांनी पुढे ढकलली. मग मी एक लोखंडी दांडा घेतला आणि मागचे चारही टायर ओळीने ठोकून त्यांचा आवाज ऐकला, कारण आतल्या टायरमध्ये हवा नसेल तर ते डोळ्यांना कळत नाही, कानाला कळते. आमच्याकडचा कुठलाही क्लीनर हे धाब्यावर उतरताच करतो. शेजाऱ्यांनी ते पाहून दांडा मागून घेतला आणि स्वतःही चारही टायर ठोकून पाहिले.

गाडी झाली. गॅरेज मात्र मोकळे झाले नाही. तिथे जुना अ‍ॅक्सल होता, गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या, पाच बोल्टांची चाके, जुने ब्रेक, जुने स्टिअरिंग, तोकडा प्रोपेलर शाफ्ट आणि भिंतीला टेकवून ठेवलेला निळा हौदा होता. सूनबाईंनी भंगारवाल्याचा नंबर शोधून ठेवला होता, परंतु चिरंजीवांनी विक्रीस नकार दिला. यात केवळ चेसिस आणि केबिन घातली, की अख्खा सी-10 उभा राहतो, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि तसा एक बिनअ‍ॅक्सलचा सांगाडा अ‍ॅरिझोनात त्यांनी पाहूनही ठेवला होता.

“अरे, पण चाकंच नाहीत तर तो इतक्या लांबून आणणार कसा?” आमच्या सौ.नी विचारले.

“आई,” चिरंजीव म्हणाले, “हे कुणीतरी विचारावं, याचीच मी वाट पाहत होतो.”