श्री ठाणेदार आपले, पण प्रतिनिधी कुणाचे?

श्री ठाणेदारांचं नाव बातमीत आलं की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच मजकूर फिरतो. बेळगावच्या गरीब घरातला मुलगा, मुंबई विद्यापीठात एम.एस्सी., १९७९मध्ये अमेरिका, ॲक्रन विद्यापीठात पीएच.डी., मग उद्योजक आणि आता थेट अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत. खाली अंगठे आणि ‘मराठी पाऊल पडते पुढे’. त्यात बेळगावचं नाव असल्यावर आपला ऊर जरा जास्तच भरून येतो.

पण ज्यांनी त्यांना निवडून दिलं त्यांचं काय, हे त्या मजकुरात कधीच नसतं.

मिशिगन राज्याचा तेरावा मतदारसंघ म्हणजे डेट्रॉइट शहराचा मोठा भाग आणि वेन काउंटीतली (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) काही गावं. साधारण पावणेआठ लाख लोक. १९५०मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेलं डेट्रॉइट २०२०च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्याही खाली आलं. मोटारींचे बरेच कारखाने गेले, २०१३मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. जे उरले त्यांच्यात तीन चतुर्थांशाहून जास्त कृष्णवर्णीय आहेत. १९५५पासून या शहरातून काँग्रेसमध्ये कायम कुणी ना कुणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. २०२२मध्ये ठाणेदार जिंकले आणि ती परंपरा तुटली. आपण पेढे वाटत होतो तेव्हा तिथल्या अनेकांच्या मनाला हे लागलं होतं.

ते जिंकले कसे, तेही बघा. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार. मतं फुटली आणि सुमारे २८ टक्क्यांवर यांचं काम झालं. प्रचाराचा पैसा बहुतांश स्वतःच्या खिशातला. त्याआधी २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांनी स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर ओतले होते आणि तिसरे आले होते. तेव्हा राहायला मिशिगनमधल्याच ॲन आर्बर या दुसऱ्या शहरात. डेट्रॉइटला मुक्काम हलवला तो त्यानंतर. आपल्याकडे शेजारच्या जिल्ह्यातला एखादा बिल्डर पैशाच्या जोरावर आमदारकीला उभा राहिला तर आपण त्याला ‘उपरा’ म्हणतो की नाही?

तरी त्यांना नुसतं पैसेवाला म्हणून निकालात काढणं मला पटत नाही. २०२४च्या प्रायमरीत त्यांना निम्म्याहून जास्त मतं पडली. (मुख्य प्रतिस्पर्ध्याचा अर्ज सह्यांच्या घोळात बाद झाला होता, हेही खरं.) आणि १९९१मध्ये सेंट लुईसची छोटी प्रयोगशाळा विकत घेऊन वाढवणं, २०१०मध्ये धंदा बँकेच्या ताब्यात जाणं, मग मिशिगनमध्ये नव्याने उभं राहणं, याला धमक लागते.

मला खटकतो तो त्यांचा प्राधान्यक्रम. एप्रिल २०२५मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं दाखल केली. मे महिन्यात मतदान घ्यायला लावतो म्हणाले आणि ऐन वेळी मागे सरले, कारण त्यांच्याच पक्षाचे नेते वैतागले होते. सभागृहात बहुमत रिपब्लिकनांचं. प्रस्ताव पडणार हे शाळकरी पोरालाही कळत होतं. ट्रम्प यांना विरोध करण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सोबतचे खासदार तयार नसताना नुसता बार उडवून डेट्रॉइटच्या पदरात काय पडलं? हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांसाठी काँग्रेसमध्ये गट स्थापन केला, तो आपल्याकडे लगेच फॉरवर्ड झाला. ते सुरुवातीला लघुउद्योगांच्या समितीवर होते, ही गोष्ट मात्र एकाही मराठी पोस्टमध्ये मला दिसली नाही. धंदा बुडवून पुन्हा उभा केलेल्या माणसाने दुकानं बंद पडलेल्या शहरासाठी त्या समितीत काय मांडलं, हे मला वाचायला आवडलं असतं.

तिथे खासदाराच्या कचेरीचं निम्मं काम आपल्याकडच्यासारखंच असतं: अडकलेला पासपोर्ट, थांबलेली सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन), माजी सैनिकाची रखडलेली फाईल. तेव्हा या पोस्टखाली अभिनंदन नको. वेन काउंटीत राहणारं कुणी वाचत असेल तर एवढंच सांगा, त्यांच्या ऑफिसकडे कधी काम पडलं का, आणि ते झालं का?