आठ लिटरचं मलम

घरगुती मलमाची कृती सांगणारी माणसं एक वाक्य हमखास टाकतात, "काही नाही हो, सगळं घरातच असतं." खरंच असतं. आमच्या घरात तिळाचं तेल होतं, लसूण होता, सुंठ होती, देवापुढचा कापूर होता आणि दुखणारी पाठसुद्धा घरचीच होती. नव्हतं ते फक्त पाणी.

आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून ते निघतं, एवढ्या प्रवासानं दमतं आणि आमच्या गल्लीत शिरेपर्यंत त्याच्यात जिना चढायचं त्राण राहत नाही. येण्याची वेळ आम्हाला सांगितलेली असते, पाण्याला ती कुणी सांगत नाही. त्यामुळे पहाटे साडेतीनला गल्लीत कुणीतरी "आलं, आलं!" म्हणून ओरडतं आणि माणसं उठायच्या आधी बादल्या उठतात. घागरी, कळश्या, पिंप, रंगाचे रिकामे डबे, कुकरचं भांडं, शेवटी फुलदाणी. खालून वरच्या टाकीपर्यंत कळशी पोचवायचं खातं माझ्याकडे आहे. ते मला लग्नात मिळालं.

या श्रमाची गंमत अशी की त्या दिवशी काहीच दुखत नाही. उलट माणूस छाती काढून फिरतो. दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी आणि शिगेला पोचतं चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान. जिमला जाणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी निदान केलं, "बाबा, लॅक्टिक ॲसिड साचलंय." मी त्याला सांगितलं, की ते तासा-दीड तासात रक्तातून निपटलं जातं, ते बिचारं उगाच बदनाम आहे. न सवयीच्या कामात ताणाखाली लांबणाऱ्या स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, मग तिथं दाह होतो, त्याचं हे दुखणं. म्हणजे कळशी उचलण्यापेक्षा ती भरलेली कळशी आवाज न करता हळूच खाली टेकवणं जास्त महागात पडतं. "मग आपटत जा," चिरंजीव म्हणाले. कळश्या त्यांच्या आजीच्या आहेत हे त्यांच्या लक्षात नव्हतं. चार-पाच दिवसांत दुखणं उतरतं. नळालाही नेमकं तेव्हाच पाणी येतं. सवयीनं स्नायू पक्के होतात, पुढच्या खेपेला कमी दुखतं असं शास्त्र म्हणतं. शास्त्राला आमचा जिना दाखवायला हवा.

मलमाचा आदेश शेजारच्या तात्यांकडून आला. तात्यांनी तरुणपणी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत काठी धरलेली आहे. मानाच्या सात नंदीध्वजांपैकी एक कमरेला पेलून ज्यानं मिरवणूक चालली, त्याच्यापुढे दोन कळश्यांची तक्रार काय करायची? तरी मी केली.

"एवढ्यात पाठ गेली काय बे?" तात्या म्हणाले. "आणि हे बाजारचं काय चोळलालास? निर्गुंडीचं तेल कर, त्याचं मलम कर. अंगाला तेल पायजे. यात्रेत बघ की, अडुसष्ट लिंगांना यण्णीमज्जन होतंय. देवाला तेल लागतंय, तू कोण?"

यावर उत्तर नव्हतं. मी मधल्या मारुतीच्या बाजारात गेलो. काष्ठौषधीच्या दुकानात मेण मागितलं तर दुकानदारानं विचारलं, "कुठलं? मेणबत्तीचं का माशीचं?" कापूर मागितला तर, "पूजेचा का भीमसेनी?" सुंठ मागितली तर त्यानं आधी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कंबर का गुडघा?" मी "पाठ" म्हटल्याबरोबर मागे उभ्या असलेल्या तीन गिऱ्हाइकांनी तीन वेगळी तेलं सुचवली. एकानं तर धोतऱ्याचा पाला घालायला सांगितलं. धोतरा विषारी आहे, तो माहीतगार वैद्याच्या हातातच बरा, असं मी म्हणालो तर तो म्हणाला, "खायचा नाही ओ, लावायचाय." कातडी सुद्धा काही गोष्टी आत घेते, हा वाद मी दुकानात वाढवला नाही. पाठ उभं राहू देत नव्हती.

आता कृती. आयुर्वेदातल्या शार्ङ्गधर संहितेत तेल सिद्ध करायचं माप दिलं आहे: कल्क (म्हणजे वाटलेल्या औषधांचा गोळा) एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. वाचताना हे फार सुबक वाटतं. आकडे घालून बघा. अर्धा लिटर तेल, सव्वाशे ग्रॅम वाटलेला पाला-सुंठ-लसूण आणि दोन लिटर निर्गुंडीचा काढा. काढा म्हणजे पाणी आटवून चौथाई उरवायचं, म्हणजे दोन लिटर काढ्यासाठी आठ लिटर पाणी. मग तो दोन लिटर काढा तेलात घालून पुन्हा उकळायचा, थेंबही न उरेपर्यंत. थोडक्यात, पाणी वाहून दुखलेल्या पाठीवरचा उपाय तेच पाणी जाळून करायचा.

हे मी स्वयंपाकघरात समजावून सांगितलं.

"आठ लिटर पाणी आटवणार?" बायको म्हणाली.

"आटवणार नाही. चौथाई करणार."

"आणि चौथाईचं काय?"

"ते जाळायचं."

ती काही बोलली नाही. तिनं फक्त पिंपावरचं झाकण घट्ट केलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "कूलरमधलं घ्या." मी नको म्हणालो. "मग तांदूळ धुतलेलं ठेवते." तेही नको म्हटलं. "फिल्टरमधून वाया जातं ते? एक बादली आहे, पण त्यानं मी फरशी पुसणार होते." शेवटी तह झाला. मला एक चांगली कळशी मिळेल, त्या बदल्यात पुढच्या पाण्याला मी नेहमीपेक्षा दोन कळश्या जास्त वर न्यायच्या. म्हणजे औषधासाठी मी आगाऊ दुखणं गहाण टाकलं.

गॅसवर इतका वेळ परवडणार नव्हता, म्हणून गच्चीवर तीन विटा मांडून खाली तुराट्या घातल्या. महिना मेचा. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत गच्चीवर जाळ घालून बसणाऱ्या माणसाकडे सोलापुरात आदरानं नाही तर काळजीनं बघतात. काढा उकळायला लागला तसा निर्गुंडीचा उग्र वास गल्लीभर गेला. लसूण तेलात पडल्यावर खालून एकानं विचारलं, "काय शिजवलालाव ओ? मटण का?" मी "मलम" म्हटल्यावर त्याच्या तोंडावरची आशा गेली, पण तो वर आला. मग दुसरा आला. पाऊण तासात पातेल्याभोवती पाच जण उकिडवे बसून जाळ कमी-जास्त करायच्या सूचना देत होते. चूल फुंकायला मात्र एकही हात पुढे आला नाही.

तेल झालं की नाही हे ओळखायची खूण मात्र फार देखणी आहे. तळाचा कल्क चिमटीत घेऊन वळला तर त्याची वात व्हायला हवी. ती वात जाळावर धरायची. चटचट आवाज आला तर आत अजून पाणी आहे. आवाज न करता जळली तर तेल सिद्ध झालं. तेलावर त्या वेळी फेसही चढतो. पहिल्या वातीनं दिवाळी केली. दुसरी जरा पुटपुटली. तात्या कानामागे हात धरून ऐकत होते. "अजून बोलालंय," म्हणाले. "गप होऊ दे." इतक्या लक्षपूर्वक ते घरात कुणाचंच ऐकत नाहीत. वात गप झाली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आठ लिटरांतला थेंबही राहिला नव्हता. बायकोनं पातेल्यात डोकावून बघितलं आणि "एवढंसंच?" असं विचारलं. हा प्रश्न मी विसरणार नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. कापूर, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉल) आणि ओव्याचं फूल (म्हणजे थायमॉल), तिन्ही कोरडे, पांढरे, खडेच. समभाग घेऊन काचेच्या बाटलीत घालून हलवायचं. आच नाही, पाणी नाही, काही नाही; बघता बघता खडे विरघळतात आणि बाटलीत पातळ द्रव डुचमळायला लागतो. एकत्र आले की त्यांचा वितळणबिंदू खाली उतरतो, एवढंच कारण. पाण्याशिवाय सोलापुरात काहीतरी पातळ झालेलं बघून मला भरून आलं. मी ती बाटली तीनदा सगळ्यांना दाखवली. हे थेंब मात्र तेल कोमट झाल्यावरच घालायचे, गरम तेलात कापूर उडून जातो आणि मग नुसती आरती झाल्याचा वास राहतो.

मेणाचं प्रमाण पुस्तकं तेलाच्या पाचव्या हिश्शाइतकं सांगतात. ते थंड हवेच्या गावाचं प्रमाण आहे. मधमाशीचं मेण बासष्ट-पासष्ट अंशांना वितळतं, पण तेलात मिसळलं की त्याची हिंमत कमी होते आणि मेच्या दुपारी फळीवर ठेवलेली डबी मलमाची न राहता तेलाची होते. फ्रीजमध्ये ठेवलं तर कैरीच्या पन्ह्याला निर्गुंडीचा वास लागला. मेण वाढवलं तर ते बुटाच्या पॉलिशइतकं घट्ट झालं आणि पाठीवर लावताना पाठच पुढे सरकायला लागली. अखेर या दोन्हींच्या मधल्या तडजोडीवर गाडी थांबली.

इथपर्यंत सगळं हातातलं होतं. पण माणसाच्या पाठीवर, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, वीतभर जागा अशी आहे जिथं त्याचा स्वतःचा हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही पोचत नाही. दुखणं तिथंच मुक्काम करतं. चिरंजीवांना हाक मारली तर त्यांनी एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताच्या एका बोटानं पोस्टाचं तिकीट चिकटवल्यागत मलम टेकवलं. बायकोनं लावलं ते खरं लावणं, पण त्याबरोबर गेल्या पंधरवड्यातले माझे सगळे हिशेब निघाले आणि प्रत्येक मुद्द्याला अंगठ्याचा दाब वाढत गेला. पालथ्या माणसाला बाजू मांडता येत नाही. शिवाय सोलापुरी चादर खराब होऊ नये म्हणून मला जुन्या टॉवेलवर झोपवलं होतं.

मलमानं खरोखर काय होतं? पुदिन्याच्या फुलानं कातडी थंड होत नाही. थंडी ओळखणारे मज्जातंतूंवरचे ग्राहक (रिसेप्टर) त्यानं जागे होतात आणि मेंदूला गार वाटतं. मिरचीचं उलटं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना मिळालं, त्यातल्या ज्युलियसनी मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढत उष्णतेचा ग्राहक शोधला होता. हे मी घरात सांगायला नको होतं असं म्हणणार नाही, पण सांगितल्यापासून मावशी प्रत्येक फोनला "मिरची घातली का?" विचारतात. उरलेलं काम चोळणाऱ्या हाताचं आणि उबेचं. जखमेवर, डोळ्यांजवळ आणि लहान मुलांना हे लावायचं नाही, कापूर पोटात जाता कामा नये. लावून झालं की हात साबणानं धुवायचे. तेलकट हात धुवायला तांब्याभर पाणी लागतं. बायको तांब्या मोजते.

सकाळी शेअर रिक्षात बसलो. शेजारच्यानं रुमाल काढला, पलीकडच्या बाईंनी "कुणाला सर्दी झालीय का ओ?" म्हणून विचारलं आणि ड्रायव्हरनं आरशातून मागे बघत कुठल्या देवळात उतरायचंय ते विचारलं. ऑफिसात त्रेचाळीस अंशांच्या उन्हात माझ्या टेबलामागची खिडकी कुणीतरी सताड उघडली. मात्र दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि मान वळवून हळूच म्हणाले, "डबी आहे का जवळ?"

डबी लवकर खाली गेली. मी दिवसातून एकदा लावत होतो, तरी पातळी भराभर उतरत होती. पलीकडच्या अक्का विड्या वळतात; मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. त्यांनी बायकोकडून चमचाभर मागून नेलं होतं. त्यांचे अण्णा यंत्रमागावर उभे असतात, त्यांच्या खांद्याला चमचाभर. आणि बायको स्वतः? वर पोचलेली प्रत्येक कळशी टाकीत ओतायचं काम तिचं असतं. रात्री मी झोपल्यावर ती आपले दंड स्वतःच चोळत होती. तिच्या दुखण्याची घोषणा मात्र मी ऐकली नव्हती.

"आता दोन लिटर तेलाचं करा की ओ भाऊ," अक्का म्हणाल्या. "तेलाचं आम्ही बघतो."

"तेलाचं नाही अक्का, पाण्याचं. दोन लिटर तेलाला बत्तीस लिटर पाणी."

अक्कांनी मान डोलावली आणि गेल्या. पाणी आलं त्या पहाटे सगळ्यांनी शब्द पाळला. अक्कांची एक घागर, अण्णांची बादली, तात्यांची पितळी कळशी, मटणाच्या आशेनं आलेल्याचा पाच लिटरचा कॅन, सगळं आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी ओळीनं मांडून ठेवलं. वर गच्चीवर न्यायला कुणी थांबलं नाही. कुणाची मान धरली होती, कुणाचा खांदा.

मी ओळीकडे बघत उभा होतो. वरून बायको म्हणाली, "अहो, तात्यांची आधी घ्या. ती गळते."