सहल बंद करू नका, कार्ड बाजूला ठेवा

‘कर्ज फिटेपर्यंत सहल नको’ असा सल्ला एका लेखात वाचला, तो सरसकट पटत नाही. आधी कर्ज कुठलं ते बघा. महिना ३ टक्के दराचं क्रेडिट कार्डाचं व्याज चक्रवाढीने वर्षाला सुमारे ४२.६ टक्के पडतं. ते अंगावर असताना सहलीसाठी पैसे साठवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. घरकर्जाचे हप्ते वेळेवर जात असतील तर मात्र खुशाल साठवा.

सहलीच्या ठोकळ खर्चात १५ टक्के वाढवा आणि सहलीपर्यंत उरलेल्या महिन्यांनी भागा. ६० हजारांचे ६९ हजार, १० महिन्यांत दरमहा ६,९००. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ही रक्कम वेगळ्या खात्यात आपोआप वळती व्हावी. एवढी झेपत नसेल तर सहलीचे दिवस कमी करा, ठरलेली बचत चुकवू नका.

खरी गोची तिकिटांपाशी होते. कार्डावर मागची बाकी असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळतच नाही, तिकीट काढल्या दिवसापासून व्याजाचं मीटर सुरू! शिवाय बहुतेकजण खर्चात फक्त तिकीट आणि मुक्काम धरतात. तिथला रोजचा प्रवास, प्रवेश शुल्क आणि (मुलं असतील तर) किरकोळ खाऊ विसरतात. आणीबाणीच्या पैशांना हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच.