हो की नाही, एवढंच विचारायचं होतं

"पाच मिनिटांचं काम आहे. डब्ल्यूएसडीएल फाइल मेल केलीये. क्लायंट जनरेट कर आणि फक्त टेस्ट करून सांग," एवढं बोलून सर्व्हिस लिहिणारा सहकारी उठून गेला. 'फक्त' म्हणणारा माणूस नेहमी निघण्याच्या बेतात असतो, हे माझ्या दरवेळी उशिराच लक्षात येतं.

सर्व्हिस म्हणजे नेटवर्कवरून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा प्रोग्राम, क्लायंट म्हणजे तिला प्रश्न विचारणारा कोड, आणि डब्ल्यूएसडीएल म्हणजे तिला काय विचारायचं नि कुठल्या पत्त्यावर, हे लिहिलेली फाइल. ही सर्व्हिसही बिचारी साधी. ग्राहक क्रमांक आणि तारीख द्यायची, त्या दिवशी खातं चालू होतं का ते ती सांगणार. हो किंवा नाही. पण सर्व्हिस पडली सोपची, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी एक्सएमएलमधून बोलायच्या जुन्या पद्धतीची. सोप आणि सोपं यांच्यात अंतर म्हटलं तर एका अनुस्वाराचं. मूळ नावात 'सिंपल' असा शब्दही होता; पण 2003 साली 1.2 आवृत्ती आली, तेव्हा हे नाव यापुढे कशाचंही संक्षिप्त रूप नाही, असं तिच्यातच लिहून टाकलं. प्रामाणिक माणसं.

क्लायंट जनरेट करायची कमांड मला पाठ होती: डब्ल्यूएसइम्पोर्ट. मोठ्या ऐटीत टाइप केली. उत्तर आलं, अशी कमांडच नाही. जेडीके, म्हणजे जावात प्रोग्राम लिहायचं साहित्य, त्याच्या आवृत्ती 6 पासून घरात असलेल्या या बाईंना 2018 साली जेडीके 11 मधून बाहेर काढलं होतं आणि मला कुणी कळवलंही नव्हतं. मग शोधाशोध करून जुनं जेडीके उतरवलं, कमांड कुठे शोधायची ते मशीनला सांगणारा पाथ बदलला, आणि या बदलाने दुसरे दोन प्रोजेक्ट बंद पडले. ते सोडा.

कमांड चालली. कोड बनतोय, कंपाइल होतोय, असं तिने सांगितलंही. फोल्डर उघडलं तर नुसत्या कंपाइल झालेल्या क्लास फाइली, माणसाला वाचता येईल अशा सोर्सचा पत्ता नाही. 'कीप' असं सांगितलं नाही, तर ही कमांड सोर्स लिहिते, कंपाइल करते आणि पुसून टाकते. ठेव म्हणावं लागतं. म्हटलं, ठेव बाई.

आता सोर्स दिसला आणि वाटलं, पुसलेला होता तेच बरं होतं. एका प्रश्नासाठी एक क्लास, उत्तरासाठी दुसरा, आणि ते दोन्ही बनवून द्यायला ऑब्जेक्टफॅक्टरी, म्हणजे कारखाना. मुख्य क्लासचं नाव 'कस्टमरसर्व्हिसइम्पलसर्व्हिस'. सर्व्हिसच्या इम्पलची, म्हणजे इम्प्लिमेंटेशनची, सर्व्हिस! तिच्याकडून 'इम्पलपोर्ट' मागून घ्यायचा आणि मग त्याच्याकडे चौकशी करायची. मधल्या माणसांशिवाय काम होतच नाही.

तारखेने तर रडवलं. साधी तारीख चालत नाही, एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर लागतं. ते थेट बनत नाही, त्याचाही कारखाना वेगळा. त्या कारखान्याला कच्चा माल म्हणून साधं ग्रेगोरियनकॅलेंडर द्यायचं, ज्यात जानेवारी हा शून्यावा महिना असतो. पक्क्या मालात मात्र तोच पहिला. मार्च म्हणून मी तीन दिले आणि निघाला एप्रिल. बोटांवर महिने मोजण्यात बराच वेळ गेला.

अखेर चालवलं. उत्तर आलं: ट्रू. खातं चालू! मी खुर्चीतच एक गिरकी घेतली. दुसरा ग्राहक दिला: चालू. तिसरा: चालू. हुरूप येऊन ग्राहक क्रमांक उणे सात दिला. चालू. तारीख 2099 सालची दिली. तरी चालू. आता मात्र पोटात गोळा आला.

डब्ल्यूएसडीएल उघडून अगदी तळाला गेले. सर्व्हिसचा पत्ता लिहिला होता: लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन', आणि त्यावरचं दार, पोर्ट 8080. फाइल त्याने स्वतःच्या मशीनवरून जशीच्या तशी उचलून पाठवली होती. त्याच्याकडे लोकलहोस्ट म्हणजे तो, माझ्याकडे लोकलहोस्ट म्हणजे मी. आणि माझ्या 8080 वर कोण बसलं होतं? स्क्रीनचं काम अडू नये म्हणून गेल्याच आठवड्यात मी लिहिलेली डमी सर्व्हिस. तिला कुठल्याही पत्त्यावर काहीही विचारा, ती ट्रू म्हणते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं. इथे गावच काखेत होतं.

तेवढ्यात तो आला. स्क्रीनवरचं ट्रू बघून म्हणाला, "बघ, पाच मिनिटांचं काम!"

मी काही न बोलता क्लायंटमध्ये खऱ्या सर्व्हरचा पत्ता घातला आणि त्याच्यासमोर पुन्हा चालवलं. कनेक्शन रिफ्यूज्ड. म्हणजे त्या पत्त्यावर दार उघडायलाच कुणी नाही.

"अगं हो," तो म्हणाला, "तिकडे अजून डिप्लॉयच केलेली नाहीये. फक्त तेवढं करून घेशील का?" आणि तो उठला.