पोरगं जीएमसी झालं, पगार कधी?

गेल्या रविवारी परभणीहून एका काकांचा फोन आला. ओळख लांबची, त्यांचा मुलगा आमच्याच कॉलेजचा, मला बराच ज्युनिअर. "डॉक्टरसाहेब, पोरगं जीएमसी झालं बघा. पेढे वाटले सगळ्या गल्लीत. आता पगार कधीपासून चालू होईल?"

मला पटकन बोलताच आलं नाही. पोराने घरी अर्धंच सांगितलंय, हे त्या एका प्रश्नावरून कळलं.

आपल्याकडे जीएमसी म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज. पोरगं जीएमसीला लागलं की गंगेत घोडं न्हालं. इंग्लंडात जीएमसी म्हणजे जनरल मेडिकल काउन्सिल, आणि तिचा नंबर मिळाला म्हणजे घोडं नुसतं घाटावर येऊन उभं राहिलं. तो प्रॅक्टिसचा परवाना. नोकरी वेगळी. नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर तो नंबर मोबाइलवर बघत परभणीतच बसायचं.

मी तिकडे डॉक्टर आहे, म्हणून दर आठवड्याला "सर, प्लॅबचं काय करू?" असे दोन-तीन मेसेज येतात. प्लॅब म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांनी त्या नंबरासाठी द्यायची दोन टप्प्यांची परीक्षा. तेच तेच टाइप करून कंटाळलोय, म्हणून एकदाच सविस्तर.

परीक्षेची भीती बाळगू नका. आधी इंग्रजी: आयईएलटीएसमध्ये एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७, नाहीतर ओईटीत चारही भागांत बी ग्रेड. आपली पोरं लिखाणात ६.५ वर अडकतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुटतात. प्लॅब वन म्हणजे तीन तासांत १८० एमसीक्यू, मुंबईतसुद्धा देता येते. नीटचं रगाडं उपसलेल्या पोरांना एमसीक्यूचं काय सांगायचं! कागदपत्रांत मात्र वेळ जातो. मार्कलिस्टवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मधे वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं अक्षर. हे मराठी माणसाचं दुखणं परदेशातल्या व्हेरिफिकेशनवाल्याला समजावताना माझे दोन महिने गेले. इंटर्नशिप चालू असतानाच सगळीकडे एकच नाव करून घ्या.

प्लॅब टू मात्र वेगळं प्रकरण आहे. ती फक्त मँचेस्टरला होते. फी हजार पौंडांच्या घरात, वर तिकीट, व्हिसा, क्लास, खोलीभाडं. १६ स्टेशन्स, म्हणजे एकामागून एक १६ छोट्या प्रात्यक्षिक परीक्षा. दाराबाहेर दीड मिनिट कागद वाचायचा, आत आठ मिनिटं. पेशंट म्हणून नट बसलेला असतो आणि तो खरंच रडतो. निदान बरोबर आलं तरी मार्कांचा एक भाग तुम्ही त्याच्याशी बोललात कसे याचा असतो.

पहिल्या खेपेला मी नापास झालो. वैद्यकशास्त्र येत होतं, बोलणं येत नव्हतं. आमच्या ओपीडीत सकाळी दीडशे पेशंट. "काय होतंय? कधीपासून? जीभ दाखवा. ह्या गोळ्या घ्या. पुढचा!" यात "तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटतेय?" हा प्रश्न कुठे बसवणार? कुणी शिकवलाच नाही आणि विचारला असता तर मागच्या रांगेने मारलं असतं. मँचेस्टरमध्ये क्लासजवळच्या घरात आम्ही सहा जण राहायचो, रात्री दोनपर्यंत एकमेकांना कॅन्सर झाल्याचं सांगायचो. नांदेडचा मी, केरळची एक मुलगी, कराचीचा एक. रोज आळीपाळीने कुणाचा तरी बाप मरायचा आणि उरलेले "आय ॲम सॉरी टु हिअर दॅट" म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात कराचीवाला खरंच रडला, कारण त्या दिवशी बापाचा रोल त्याच्याच बापाच्या आजाराचा निघाला. त्यानंतर मला ते वाक्य पाठांतरासारखं म्हणता आलं नाही. दुसऱ्या खेपेला पास झालो.

सगळा मिळून खर्च माझ्या वहीप्रमाणे साडेसहा लाख. त्यातले चार वडिलांच्या पीएफचे.

आता जे क्लासवाले आणि यूट्यूबवाले सांगत नाहीत ते. त्यांचा व्हिडिओ नंबर मिळाला की संपतो. पुढचं मी सांगतो. नोकरीची जाहिरात सकाळी येते आणि दुपारपर्यंत बंद होते, कारण तेवढ्यात शेकड्यांनी अर्ज पडलेले असतात. आमच्याच वॉर्डातल्या एका ज्युनिअर जागेची निवड करताना मी बॉसच्या शेजारी बसलो होतो. पहिली चाळणी एकच: तिथल्या हॉस्पिटलात कामाचा अनुभव आहे का? नसेल तर बाजूला. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. मग पोरं 'क्लिनिकल अटॅचमेंट' करतात, म्हणजे बिनपगारी उभं राहून बघणं. काही ठिकाणी त्याचेही पैसे मोजावे लागतात. व्हिजिटर व्हिसावर कमाई करता येत नाही, आणि सहा महिने संपले की परत.

काकांच्या पिढीचा गोंधळ मला समजतो. त्यांनी पाहिलेले 'लंडन रिटर्न' डॉक्टर या वाटेने गेलेच नव्हते. साठच्या दशकात भारतातली एमबीबीएस दाखवली की नोंदणी होत असे, कारण तिकडे डॉक्टर हवे होते. १९७५ मध्ये मेरिसन समितीचा अहवाल आला, परदेशी डॉक्टरांना परीक्षा लागली, तीच पुढे प्लॅब झाली. २००६ मध्ये वर्क परमिटशिवाय प्रशिक्षण घ्यायची सवलत सरकारने काढून घेतली. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना 'बापिओ' कोर्टात गेली, २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जिंकलीही, पण तोवर कित्येकांनी बॅगा भरल्या होत्या. २०१९ च्या ऑक्टोबरात वारं फिरलं. सगळे डॉक्टर टंचाईच्या यादीत गेले, 'आधी स्थानिक उमेदवार शोधा' ही अट सुटली. त्या लाटेवर मी २०२२ मध्ये आलो. आणि २०२५ मध्ये स्पेशालिटी ट्रेनिंगच्या, म्हणजे आपल्या पीजीसारख्या, दहा हजारांच्या आसपास जागांसाठी तीस हजारांवर उमेदवार होते. त्याच जुलैत सरकारने आपल्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत लिहून टाकलं की तिथे शिकलेल्यांना आधी.

त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, त्यामुळे मला राग नाही. आपण डोमिसाइलसाठी किती भांडतो ते आठवा. पण मी हुशार म्हणून लागलो, असं मला तीन वर्षं वाटत होतं. आता माझ्यापेक्षा चांगल्या तयारीची पोरं रिकामी बसलेली बघतो. मी वेळेवर आलो होतो, एवढंच.

म्हणून सल्ला विचारलाच आहे तर: प्लॅब टू झाली की तिकडे मुक्काम ठोकून रोज पोर्टल रिफ्रेश करत बसू नका. परत या. ग्रामीण रुग्णालय, कॅज्युअल्टी, आयसीयू, मिळेल तिथे काम करा आणि अर्ज तिथूनच टाका. वर्षभर हात चालला नाही तर पुढच्या इंटरव्ह्यूला तोच पहिला प्रश्न येतो. मेडिसिनचं ज्यांच्या मनात पक्कं आहे त्यांनी एमआरसीपीचा, म्हणजे तिकडच्या मेडिसिनच्या पदव्युत्तर परीक्षेचा, विचार करावा, त्यानेही जीएमसीची नोंदणी होते, प्लॅब लागत नाही. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलची नोंदणी लॅप्स होऊ देऊ नका, तिचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्यावर कारवाई नसल्याचा दाखला, तिकडेही मागतात. आणि पीजीच्या नीटचा फॉर्म भरा. "फॉर्म भरला म्हणजे मनातून हरलास" म्हणणारे मित्र पीएफ भरायला येत नाहीत.

काकांना मी हे सगळं जमेल तेवढं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "अन् पेढ्यांचं काय करावं आता?"

"पास झाल्याचे वाटले ना काका? तो खरंच झालाय."

रात्री पोराचा मेसेज आला. सर, बरं झालं तुम्हीच सांगितलं, मला तोंड उघडवत नव्हतं. एक तारखेपासून तालुक्याच्या हॉस्पिटलला जॉइन होतोय. खाली आणखी एक ओळ होती: "सर, इथे पेशंटला 'तुम्हाला कशाची काळजी वाटतेय' विचारलं तर हसतील का हो?"

मी लिहिलं, पहिले दोन दिवस हसतील.