विष नाही, पाउणशे

रविवारी शिरीषनं डॉ. लागू खटल्याच्या निकालाची झेरॉक्स कट्ट्यावर आणली आणि बापूचा चहा गार झाला. खरं तर विषय निघाला होता परवाच्या पेपरातल्या त्या डॉक्टरवरून. पण शुक्रवार पेठेत डॉक्टर आणि खून हे दोन शब्द एका दमात आले, की गाडी लक्ष्मीबाई कर्व्यांवरच जाते. घरच्याच डॉक्टरनं, लागूंनी, विष देऊन मारलेली इथली विधवा.

"व्हिसेरात, म्हणजे प्रेतातल्या अवयवांत, विष सापडलं का? नाही! मग फाशी कसली?" बापूनं कपबशी आपटली. बापूचा डॉक्टरांवर फार जीव. शिंक आली तरी हा फाइल काखेत मारून निघतो. फाइलला प्लॅस्टिकचं कव्हर.

"विष नाही सापडलं. खोटं नाव सापडलं," शिरीष बशीत चहा ओतत म्हणाला. "रात्रीच्या गाडीनं बाईला मुंबईला नेलं, व्हीटीला ती बेशुद्ध. जी.टी. हॉस्पिटलात दाखल केली इंदुमती पाउणशे म्हणून. तू घरचा डॉक्टर, रोजची जा-ये, आणि आडनाव आठवेना?"

"गडबडीत होतं रे असं."

"गडबडीत कर्व्यांचं कर्वा होईल. पाउणशे कसं होईल?"

"याचं होईल," नाना म्हणाले. "साखरपुड्यात बायकोच्या ऐवजी मेव्हणीचं नाव घेतलं होतं यानं." बापूचे कान लाल झाले. चाळीस वर्षं झाली, पण नाना काही ते सोडत नाहीत.

बाई 13 नोव्हेंबर 1956ला गेली. पोस्टमॉर्टेम दहा दिवसांनी. आणि इकडे पुण्यात लोकांना तिच्या नावानं पत्रं: जोशी म्हणून गृहस्थाशी लग्न केलंय, जयपूरजवळ राठोडीला असते. डॉक्टर मात्र तिच्या इस्टेटीचे पैसे करत सुटलेले. अटक झाली थेट मार्च 1958मध्ये.

"वर्षभर कुणी विचारलं नाही?" मी म्हटलं.

नाना जरा थांबले. "विधवेनं लग्न केलं म्हटल्यावर कोण विचारतंय? लोकांनी नाकं मुरडली आणि दारं लावून घेतली. पत्र लिहिणाऱ्याला औषधं किती कळत होती देव जाणे, पुणं मात्र बरोबर कळत होतं."

यावर बापूसुद्धा गप्प. पण किती वेळ? "सुप्रीम कोर्टात तिघांतल्या एकाला पटलं नव्हतं! न्यायमूर्ती सरकार!"

"हा तुझा आजवरचा एकमेव खरा मुद्दा," शिरीषनं पान उलटलं. "पण बाकी दोघांचं ऐक. हिदायतुल्लांचा सूर असा, की विष सापडलंच पाहिजे म्हटलं तर जो जाणकार मागमूस न राहणारं विष निवडेल तो सुटणारच. आणि डॉक्टरपेक्षा जाणकार कोण?"

"म्हणजे शिकलेल्याला जास्त शिक्षा?"

"तुला काही भीती नाही बापू."

तेवढ्यात चहावाल्या अण्णांनी उधारीची वही पुढे केली. "नाना, तुमचे तीनशे चाळीस."

"माझे? मी तर रोख देतो!"

अण्णांनी बोट ठेवलं. गेल्या महिन्यातल्या सगळ्या नोंदी नानांच्या नावावर, आणि प्रत्येक नोंदीत बिनसाखरेचा चहा आणि दोन क्रीमरोल. कट्ट्यावर बिनसाखरेचा चहा एकच माणूस पितो.

"गडबडीत होतं रे असं," बापू पुटपुटला.

"पाउणशे!" शिरीष ओरडला, आणि नानांना हसता हसता ठसका लागला.