बुधवारचे रात्रीचे आठ

रेडिओ निवेदक अमीन सयानी गेल्याचं वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. ९१ वर्षांचे होते, मान्य, तरी घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटतंय. त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही. बुधवारी रात्री आठला अण्णा रेडिओ सिलोन लावायचे, सयानींच्या बिनाका गीतमालेसाठी, म्हणजे हिंदी सिनेगीतांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमासाठी. नुसती खरखर! मग अण्णा काटा केसभर सरकवायचे आणि सयानींचं 'बहनों और भाइयों' एकदम स्वच्छ यायचं. बहिणी आधी, भाऊ नंतर. आई तेवढं ऐकायला पोळी लाटताना थांबायची. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, म्हणजे क्रमांकावर, हे मी वहीत लिहायचे. सरताज गीतावरून, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या गाण्यावरून, भावाशी कडाक्याचं भांडण व्हायचं. माझं हिंदी सुधारलं ते त्यांच्यामुळेच. किती सोपं, आर्जवी बोलायचे! वही अजून आहे, सकाळपासून तीच चाळतेय.